काटा चौदावर होता

मी भिरभिऱ्या बोलतोय. कागदोपत्री माझं नाव 'वायुवेगमापक' आहे, पण ते घेताना माणसाची जीभ दोनदा अडखळते, म्हणून इथे मला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. उभ्या दांड्यावर तीन छोट्या वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात, ते माझं डोकं. तिथून एक वायर खाली उतरते आणि व्हरांड्याच्या भिंतीवरच्या गोल तबकडीला जाऊन मिळते. त्या तबकडीत एक काटा आहे, ते माझं तोंड. डोकं एकीकडे आणि तोंड भलतीकडे अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. कान कुठे आहेत ते मात्र विचारू नका. ऐकू येतं एवढं खरं.

आज मी मोकळ्या मनाने बोलणार आहे. चार महिने माझ्या मनावर एक ओझं होतं. ते उतरलं, आणि कसं उतरलं हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या वाट्या बसवल्या आणि फुंकर मारून फिरवून पाहिल्या. माझ्या आयुष्यातला पहिला वारा तो, चहाचा वास असलेला. मग मला एका मोठ्या पंख्यासमोर धरलं. तिथल्या तपासनिसाने पंख्याचा वेग पाहिला, माझा काटा पाहिला, पुन्हा पंखा पाहिला आणि म्हणाला, "हा खोटं बोलत नाही. पुढचा आण." बस, एवढंच. पण ते वाक्य मी मुलांनी बक्षीस जपावं तसं जपलं. आपण खोटं बोलत नाही, या समजुतीवर मी पुढची सहा वर्षं काढली.

समुद्र जिथे जमिनीत थोडा आत शिरतो, तिथे शिडाच्या होड्या चालवणाऱ्या हौशी माणसांचं एक मंडळ आहे. होड्या ठेवायची एक बैठी शेड, तिच्यासमोर समुद्राकडे तोंड केलेला व्हरांडा, व्हरांड्यातून पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, आणि डाव्या हाताला लाटा अडवणारा लांब दगडी बांध. मला त्या शेडच्या छपरावर बसवलं. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात तसा वाऱ्याचाही मोजतात, आणि एक नॉट म्हणजे तासाला जवळजवळ दोन किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलंत तर बाकी सगळं आपोआप कळेल.

मी येण्याआधी इथे रोज सकाळी भांडण असायचं. आज वारा जास्त आहे की जायला हरकत नाही? जितकी तोंडं तितके वारे. कोणी बोट ओलं करून हवेत धरायचं, कोणी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघायचं. एका निवृत्त पोस्टमास्तरांचा गुडघा दुखला की वारा वाढणार, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांचा गुडघा बाराही महिने दुखायचा.

शेवटी निर्णय व्हायचा तो मात्र एका जुन्या नियमाने. मंडळाचे पहिले शिक्षक, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, त्यांनी शेडच्या दारावर एक फळी ठोकली होती. त्यावर लिहिलं होतं: 'होडीतला एकही माणूस नको म्हणाला, तर होडी जाणार नाही. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये.' थोरले सर फार बोलत नसत. एकदा म्हणे एका चुणचुणीत माणसाने त्यांना विचारलं, "सर, उगाचच कोणी नको म्हणालं तर?" सर म्हणाले, "मग उगाचच एक सकाळ फुकट जाईल. पुढे?"

मी आलो आणि हा नियम हळूहळू मागे पडला. कोणी तो मोडला नाही, रद्दही केला नाही. फक्त आता गरज काय, भिंतीवर आकडा आहे ना! अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त इंजिनिअर साहेबांनी, पहिल्याच आठवड्यात तबकडीची काच उघडली आणि बायकोच्या नेलपॉलिशने अठराच्या आकड्यावर एक लाल रेघ ओढली. काटा रेघेच्या आत, तर जा. रेघेच्या बाहेर, तर घरी जा. भांडण मिटलं. दारावरच्या फळीवर कोणीतरी खिळे ठोकले आणि त्यावर ओले रेनकोट लटकू लागले.

मीही फुगलो, हे कबूल करतो. सकाळी आल्याआल्या सगळे माझ्यासमोर उभे राहायचे. भलीभली माणसं माझ्या काचेवर टिचकी मारून बघायची, जणू टिचकीने वारा कमी होणार आहे. अठराच्या वर काटा गेला की काही चेहरे पडायचे, काही खुलायचे. आणि खुललेले चेहरे लगेच पाडलेही जायचे! "अरेरे, आजही नाही!" हे जो सगळ्यात मोठ्याने म्हणतो, त्याचा जीव सगळ्यात आधी भांड्यात पडलेला असतो, हे मला भिंतीवर बसून नीट कळायला लागलं होतं. पण कोणाला काय सांगणार? माझं काम आकडा सांगायचं.

मला मुळीच भाव न देणारी एकच व्यक्ती होती. शेडच्या मागच्या खोलीत शिलाईचं दणकट मशीन घेऊन बसणाऱ्या मावशी. होड्यांची फाटलेली शिडं शिवायचं त्यांचं काम. सगळ्या गावाच्या त्या मावशी, अध्यक्षांच्यासुद्धा, आणि अध्यक्ष त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. भिरभिऱ्या हे नाव त्यांनीच मला दिलं. कोणी आकडा सांगायला गेलं की तोंडातल्या टाचण्या न काढताच त्या म्हणायच्या, "तुमचा आकडा तुमच्यापाशी ठेवा. कुठल्या वाऱ्यात काय फाटतं, ते मला विचारा." तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही.

मग मंडळाने नवीन हॉल बांधला. दुमजली, ऐसपैस, शेडच्या बरोबर मागे, जमिनीकडच्या बाजूला. अध्यक्षांनी नकाशा स्वतः काढला, खिडक्या मोजल्या, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. शेडच्या छपरावर कोणीतरी तीन वाट्या घेऊन बसलंय, हे मात्र इंजिनिअर असूनही त्यांच्या डोक्यात आलं नाही. भिंत माझ्यापेक्षा दीड माणूस उंच झाली.

वारा समुद्रावरून असला की काहीच फरक पडत नव्हता, आणि इथे तो बहुतेक दिवस समुद्रावरूनच असतो. पण एका सकाळी तो फिरला आणि जमिनीकडून सुटला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काय होऊन बसलंय. वारा भिंतीवर आपटत होता, वर चढत होता आणि माझ्या डोक्यावरून पार पुढे समुद्रात जाऊन उतरत होता. माझ्या वाट्यांना लागत होती ती भिंतीच्या कडेने गळून पडलेली थोडीशी झुळूक. मी काटा अकरावर दाखवला. वरून जे चाललं होतं ते पंचवीसच्या खाली नव्हतं.

त्या दिवशी कोणी पाण्यात गेलं नाही, कारण वार मंगळवार होता आणि सगळे आपापल्या कामावर होते. मी वाचलो. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली, आता यंत्राला झोप असते असं धरून चाला. माझ्या वाट्यांना जेवढं लागतं तेवढंच मी सांगू शकतो. जे डोक्यावरून जातं, ते कळूनही सांगता येत नाही. ज्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याला आपण चुकतोय हे कळावं आणि बोलता येऊ नये, यासारखं वाईट काही नाही.

आता त्या शनिवारची गोष्ट.

आमच्या सभासदांत एक दाताचे डॉक्टर आहेत. वय पंचावन्नच्या आसपास, हात मऊ, आवाज मऊ, दुसऱ्याच्या तोंडात चिमटा घालतानासुद्धा आधी माफी मागणारे. त्यांनी तीन वर्षांपूर्वी एक लहान होडी घेतली. घेतली ती धाकट्या बहिणीसाठी. ती लग्न होऊन फार लांब गेलेली, आठ-नऊ वर्षांत आलेली नव्हती. लहानपणी दोघं याच किनाऱ्यावर बसून समोरच्या टोकावरचं दीपगृह बघत आणि एक दिवस आपण तिथवर होडीतून जायचं, असं ठरवत. डॉक्टर दर रविवारी व्हरांड्यातून तिला फोन लावून म्हणायचे, "ठमे, तू फक्त ये. तुला दीपगृहापर्यंत नेऊन आणतो."

शेवटी ठमी आली. नाव ऐकून लहान मुलगी डोळ्यांपुढे आणू नका. शेहेचाळीस वर्षांच्या, अर्धे केस पांढरे, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई त्या. आठच दिवस राहणार होत्या.

आणि त्यातले पहिले सहा दिवस मी काय करावं? पहिल्या दिवशी एकवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. मग एकोणीस, बावीस, सव्वीस, वीस. सगळा समुद्राकडचा वारा, सगळे आकडे खरे. रोज सकाळी बहीणभाऊ डबा, टोप्या, लाइफ जॅकेट घेऊन यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, आणि डॉक्टर मोठ्याने म्हणायचे, "अरेरे, आजही नाही!"

बहीण काही सोडणारी नव्हती. "दादा, होडी घेतलीस की होडीचा फोटो?"

"अगं, वारा बघ ना किती आहे!"

"तीन वर्षं फोनवर तर अगदी सातासमुद्रापार जाऊन आल्यासारखा बोलायचास. मला वाटतं तू अजून पाण्याला पाय लावलेला नाहीस."

"उद्या बघ," डॉक्टर म्हणायचे आणि हसायचे. पण ते हसणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी तिला समुद्राकडे पाठ करून बसवलं, म्हणजे विषय निघायला नको.

शनिवारी पहाटे वारा फिरला. जमिनीकडून सुटला, आणि जोरात सुटला. रविवारी सकाळी बहिणीचं विमान. म्हणजे हा शेवटचाच दिवस.

दोघं आली, तेव्हा सगळं कसं चित्रासारखं दिसत होतं. हॉलच्या आणि शेडच्या आडोशाला पाणी इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट. ऊन पडलेलं. व्हरांड्यात पान हलत नव्हतं. डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले. काटा चौदावर होता.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. काटा चौदावरच होता. लाल रेघेच्या चांगला आत.

"चौदा," ते म्हणाले. मला वाटलं ते आनंदाने ओरडतील. पण आवाज दवाखान्यात पेशंट बोलतो तसा निघाला.

"म्हणजे आज जायचं?" बहिणीने विचारलं.

"म्हणजे काय! आज जायचंच."

मी वर छपरावर तडफडत होतो. आणखी एक वाईट गोष्ट मला ठाऊक होती, जी त्या दोघांना नव्हती. कोणी संकटात सापडलं तर ओढून आणायला मंडळाची एक मोटरची लाँच आहे. ती त्या दिवशी जागेवर नव्हती. लाँचवाला सकाळीच दीपगृहावर एका मेकॅनिकला सोडायला गेला होता आणि अजून परतला नव्हता. जमिनीकडचा वारा होडीला अलगद बाहेर नेतो. जाताना वाटतं, काय मजा आहे! आडोसा संपला की मग तोच वारा पाठीत बसतो, आणि परत फिरायचं म्हटलं तर त्याच्या तोंडावर यावं लागतं. तिथे डॉक्टरांच्या मऊ हातांचं काम नव्हतं.

होडी उतारावरून पाण्यात आली. शीड वर चढलं, नुसतंच लोंबत राहिलं. डॉक्टर दोरीच्या टोकाला गाठ मारायला बसले. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी साधी गाठ, इथे शिकायला आलेल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. त्यांनी ती मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा कशीबशी राहिली. बहीण गुडघाभर पाण्यात होडी धरून उभी होती आणि त्यांच्या हातांकडे बघत होती.

"चल, बस," डॉक्टर म्हणाले.

तिने एक पाय होडीत टाकला. मग तो बाहेर काढला.

"दादा, नको."

"काय नको?"

"जायला नको."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, सहा दिवस तूच माझं डोकं खाल्लंस! आज सगळं जुळून आलंय तर नको? चल इकडे." त्यांनी तिला हाताला धरून व्हरांड्यात माझ्यासमोर आणून उभं केलं आणि काचेवर बोट ठेवलं. "हे बघ. चौदा. अठरापर्यंत चालतं. हे यंत्र आहे, हे काही मनाचं सांगत नाही."

ती माझ्याकडे बघू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलायचा प्रयत्न केला. म्हणजे खरं बोलायचा. तुम्हीच ठरवा काय म्हणायचं ते. जीव एकवटून फिरायला बघितलं. भिंतीच्या कोपऱ्यावरून एक झोत घसरत आला, काटा सोळापर्यंत चढला आणि पुन्हा चौदावर येऊन बसला. वारा नसेल तर भिरभिऱ्याचं काही चालत नाही.

"बघितलंस?" डॉक्टर म्हणाले.

"बघितलं. तरी नको."

"का पण? भीती वाटते? बरं नाहीये? काहीतरी कारण असेल की नाही!"

"कारण नाही. नको एवढंच."

"म्हणजे गणिताच्या बाईंना कारण नाही!"

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. मावशी दारात आल्या. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून त्यांनी बाहीवर टोचल्या, आणि त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"डॉक्टर, कारण विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका. ती उद्या जातेय."

"म्हणून तर. उद्या जायला ती असायला हवी ना."

असं म्हणून त्यांनी दारावरच्या खिळ्यांवरचे रेनकोट एकेक करून काढले आणि बाकावर टाकले. धूळ बसलेली फळी दिसायला लागली. मावशींनी ती वाचून दाखवली नाही. बहिणीने स्वतःच वाचली, ओठांतल्या ओठांत. मावशी म्हणाल्या, "मी सकाळी मागचं दार उघडलं तर हॉलच्या बोळातून वारा घुसला, टेबलावरचे कापडाचे तुकडे पार समोरच्या भिंतीला जाऊन चिकटले. तेव्हापासून कडी लावून बसलेय. हा भिरभिऱ्या चौदा म्हणतोय की चाळीस, मला माहीत नाही. पण पोरगी नको म्हणाली, विषय संपला."

विषय संपला, पण डॉक्टर संपले नव्हते. फणकाऱ्याने उतारावर गेले, होडी ओढून घेतली, शीड खाली पाडलं. पाठमोऱ्या माणसाचा राग मला चांगला ओळखता येतो, कारण खांदे लपवता येत नाहीत. मला मात्र एवढं हलकं वाटत होतं की वाट्या वाऱ्याशिवायच फिरतील की काय असं झालं. रुसू दे, म्हटलं. खुशाल रुसू दे. रुसलेला माणूस कोरडा असतो.

पण शिडाची घडी एकट्याला घालता येत नाही. डॉक्टरांनी थोडा वेळ प्रयत्न केला, कापड पायात आलं, तेव्हा बहिणीने न विचारता दुसरी दोन टोकं उचलली. दोघं समोरासमोर उभी राहिली. चादरीची घालतात तशी घडी, एक पाऊल पुढे, टोकाला टोक, पुन्हा मागे. तिसऱ्या घडीला दोघांची तोंडं अगदी जवळ आली.

"बरं झालं," डॉक्टर पुटपुटले.

"काय?"

"तू नको म्हणालीस ते."

तिने घडी हातात तशीच धरून ठेवली.

"ठमे, सहा दिवस मी रोज रात्री पडल्यापडल्या म्हणायचो, उद्याही वारा असू दे. मी कधी एवढ्या लांब गेलेलोच नाही गं. त्या बांधाच्या टोकापर्यंत जातो आणि वळतो. फोनवर बोलायला काय जातं! तू आलीस, आणि रोज आकडा अठराच्या वर. मला काही बोलावंच लागलं नाही. आज चौदा झाला. मग कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

बहिणीने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझे हात बघितले मी. गाठ मारताना."

"मग तिथेच सांगायचंस की!"

"मावशींसमोर? दादा घाबरलाय म्हणून नको, असं?"

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. मला वाटलं रडतात की काय. पण ते हसत होते. मग तीही हसायला लागली, आणि दोघं हातात शिडाची घडी धरून अशी हसली की मावशींनी आतून ओरडून विचारलं, "घडी घालताय की गोंधळ घालताय?"

सहा दिवस मी त्या माणसाची ढाल होतो आणि सातव्या दिवशी त्याच्याच गळ्यातला फास झालो होतो. दोन्ही वेळा मला पत्ता नव्हता.

मग दोघांनी उतारावरच, जमिनीवर ठेवलेल्या होडीत बसून डबा उघडला. ती सुकाणूपाशी, तो पुढे. दीपगृह समोर दिसत होतं. ती त्याला म्हणाली, "इथूनही छान दिसतं." तो म्हणाला, "लहानपणी इथूनच तर बघायचो." दीड तास दोघं गप्पा मारत होती. काय बोलली ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. घरातल्या गोष्टी होत्या.

दुपारी लाँच आली. आली म्हणजे बांधाच्या आड कशीबशी शिरली. पुढची काच फुटलेली, लाँचवाला डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. दोरी बांधायच्या आधीच तो ओरडला, "बाहेर कोणी गेलंय का?" उत्तराची वाट न बघता धावत उतारावर आला आणि होड्या मोजायला लागला. एक, दोन, तीन, बोट दाखवून दाखवून. सगळ्या अकरा भरल्या तेव्हा तो तिथेच उतारावर बसला.

"येताना अख्खा रस्ता मी हेच म्हणत होतो," तो म्हणाला, "शनिवार आहे, आतून पाणी शांत दिसत असणार, कोणीतरी निघालं असणार. बाहेर होडीचं काम नाही हो. लाँच उभी राहत नव्हती."

डॉक्टरांच्या हातातला घास हातातच राहिला. बहिणीने त्यांचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

लाँचवाला उठून माझ्यासमोर आला. काटा पंधरावर होता. त्याने टिचकी मारली नाही, सरळ बुक्की मारली. "हा मेला खोटं बोलतोय!"

काय सांगू तुम्हाला, शिवी खाऊन एवढं समाधान कोणाला झालं नसेल. पकडला गेलो एकदाचा! अध्यक्षांना फोन गेला. ते हातात धरायचं एक छोटं यंत्र घेऊन आले, वाकून वाकून बांधाच्या टोकापर्यंत गेले. त्यांची टोपी गेली ती गेलीच. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "एकोणतीस," ते म्हणाले. मग मागे वळून स्वतः बांधलेल्या हॉलच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"माझी चूक आहे," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "या दोघांना काही झालं असतं तर..."

"झालं नाही ना!" मावशी म्हणाल्या. "चहा घ्या आधी."

दुसऱ्या आठवड्यात माझं डोकं छपरावरून उतरवलं आणि दगडी बांधाच्या टोकाला उंच खांबावर बसवलं; वायर लांबवली, तोंड मात्र व्हरांड्यातच राहिलं. आता माझ्या चारही बाजूंना काही नाही. खारं पाणी अंगावर येतं, एका वाटीला पोचा पडलाय, दांडा थोडा गंजलाय. पण जे आहे ते सगळं मला लागतं आणि जे लागतं ते मी सांगतो. तबकडीवरची लाल रेघ अध्यक्षांच्या बायकोने स्वतः येऊन पुसली. नवी काढायचं ठरलं नाही. नवशिक्यांनी पंधराला थांबावं, मुरलेल्यांनी आपलं आपण बघावं, असं आता बोलतात, आणि निघण्याआधी होडीतल्या प्रत्येकाला एकदा विचारतात.

बहीण रविवारी ठरल्या विमानाने गेली. सुखरूप पोहोचल्याचा फोन आला तेव्हा डॉक्टर व्हरांड्यातच होते.

परवाची सकाळ सांगतो आणि थांबतो. वारा समुद्रावरचा, दहा. याहून चांगला दिवस वर्षातून चार वेळा येतो. डॉक्टर एका मित्राबरोबर जाणार होते, होडी तयार होती. मध्येच ते म्हणाले, "आज नको." अरेरे नाही, वारा नाही, गुडघा नाही. मित्राने "बरं" म्हटलं आणि शीड खाली घेतलं. डॉक्टर बाकावर बसून चहा प्यायले, आणि मी त्यांचा चेहरा इतका मोकळा कधीच पाहिला नव्हता.

म्हणून तुम्हा सगळ्यांना माझं एक सांगणं आहे. मला जरूर विचारा. वारा किती, हे माझ्याइतकं नीट कोणी सांगणार नाही. पण जायचं की नाही, हे मला विचारू नका. मी खांबाला स्क्रूने बसवलेला आहे. मी कधी कुठे गेलो नाही आणि मला कधी कुठून परत यायचं नव्हतं. ज्याला संध्याकाळी घरी परत यायचंय, ते त्यानेच ठरवायचं असतं.